छातीचा फोटो आता कोण वाचते?

रामराम राजेहो. चुलीपाशी बसून रेडिओ ऐकून राहिलेल्या माय-बहिणींनाही रामराम.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, सव्वीस वर्षं झाली. "श्वास घ्या, रोखा, हलू नका" हे मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा म्हणतो, म्हणजे आज ऐकणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी माझ्यासमोर श्वास रोखून उभं राहिलं असेलच. आजचा विषय आहे एआय अन् दवाखाना. मी त्यातलं तेवढंच सांगतो जे माझ्या खोलीत अन् गावोगावच्या कॅम्पात पाहिलं, अन् थोडंसं जे वाचलं.

पण आधी जुनी गोष्ट सांगू द्या, त्याशिवाय माझं म्हणणं समजणार नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा फोटो फिल्मवर निघायचा. कॅसेट घेऊन डार्करूममध्ये जायचं, लाल दिव्यात फिल्म हँगरला लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये, पुन्हा पाण्यात, अन् मग तारेवर वाळत घालायची. पावसाळ्यात ती वाळता वाळत नसे. पण खरी अडचण वाळण्याची नव्हतीच, वाचण्याची होती. फोटो काढणारा मी तालुक्याला, अन् फोटो वाचणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याला, अन् त्याच्याकडे सगळ्या जिल्ह्याचा ढीग.

माझा मोठा भाऊ कास्तकार. एका हिवाळ्यात दोन महिने खोकत होता, घरात कापूस भरलेला, सगळे म्हणत कापसाची धूळ बसली असेल. बेडका तपासला, त्यात काही निघालं नाही. मग मीच त्याचा फोटो काढला. ओली फिल्म दिव्यासमोर धरली तेव्हाच मला उजव्या बाजूला वर एक ढगाळ डाग दिसला, हात थांबला माझा. पण मी टेक्निशियन, रिपोर्ट लिहायचा अधिकार माझा नाही अन् तो नसायलाच पाहिजे. फिल्म एसटीनं गेली, अन् जिथं गेली तिथं अकरा दिवस पडून राहिली. रिपोर्ट आला तोपर्यंत भावाच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं होतं. टीबी निघाला. तो वाचला, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पण एक फुफ्फुस कामातून गेलं, आजही वावराच्या धुऱ्यापासून विहिरीपर्यंत चालला की मध्येच बसते. ते अकरा दिवस मी विसरलो नाही.

आता तोच फोटो एआयकडून मिनिटभरात वाचला जाते, हे मी स्वतः रोज पाहतो.

हे होते कसं, तर सोप्पं करून सांगतो. कॉम्प्युटरला लाखो छातीचे फोटो दाखवले, प्रत्येक फोटोसोबत हेही सांगितलं की यात डॉक्टरला काय दिसलं होतं. पाहता पाहता त्याची नजर बसली. आपल्याकडे जुना सालदार असते ना, गोठ्यात पाय टाकल्याबरोबर सांगते की या गोऱ्ह्याचं आज बरं नाही, त्याला विचारलं कशावरून, तर त्यालाही सांगता येत नाही, पाहून पाहून आलेली नजर आहे ती. तसंच समजा, फक्त या मशीननं एवढे फोटो पाहिले की एका माणसाच्या सात जन्मात पाहून होणार नाहीत. फोटो त्यात टाकला की ते एक आकडा देते, अन् जिथं शंका आहे तिथं रंगाचा डाग दाखवते. टीबी आहे असं ते म्हणत नाही बरं का, ते फक्त म्हणते की या फोटोत टीबीसारखं काहीतरी असण्याचा अंदाज इतका. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की मग बेडका तपासायचा, पक्कं निदान बहुतेक वेळा त्यातूनच होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हे मान्य केलं, की १५ वर्षांवरच्या माणसांच्या छातीचा फोटो टीबीच्या तपासणीसाठी असा कॉम्प्युटरकडून वाचून घेतला तरी चालते. अन् यातली एक मोठी कंपनी आपल्याच राज्यातली आहे, मुंबईची क्युअर डॉट एआय, २०१६ पासूनची, तिचं सॉफ्टवेअर कितीतरी देशांत वापरतात.

फोटोचं एवढं महत्त्व काहून, तर २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचा एक मोठा सर्व्हे झाला होता, त्यात असं निघालं की फक्त खोकला-ताप विचारून पेशंट शोधले असते तर शंभरातले ४२ हातून निसटले असते, ते फोटोमुळे सापडले. शंभरात ४२ राजेहो. म्हणजे खोकला नाही, ताप नाही, माणूस वावरात राबून राहिला, अन् छातीत आजार वाढून राहिला.

अशीच एक बाई मी पाहिली. दोन वर्षांमागच्या वेचणीच्या हंगामात घाटंजी तालुक्यातल्या एका गावी आमचा कॅम्प होता. आता हातात धरायची एक्स-रे मशीन आली आहे, जुन्या मोठ्या कॅमेऱ्याएवढी, बॅटरीवर चालते, लाईन गेली तरी काम अडत नाही. समाजमंदिरात भिंतीला प्लेट टांगली, बाजूला लॅपटॉप. सकाळी सातलाच सुरू केलं, कारण आठ वाजता बाया वेचायला निघतात अन् एका दिवसाची वेचणी बुडवून फोटो काढायला कोणी थांबणार नाही, थांबावं असं म्हणायची माझीही हिंमत नाही. तिथं एक सून सासूला घेऊन आली होती. सासूच खोकत होती. आशाताई म्हणाली, तू आलीच आहे तर तुझाही काढून घे. सासूचा फोटो साफ निघाला. सुनेचा आकडा शंभरपैकी ८७, अन् डाव्या बाजूला वर लाल डाग.

ती ऐकायलाच तयार नाही. "मले तं खोकलाच नाही, मले कायची टीबी? मी तं सासूसंग आली होती." एवढं बोलली अन् ओटी बांधून वेचायला निघून गेली.

आता मशीनचं काम इथं संपलं. आकडा लॅपटॉपवर आहे, बाई वावरात आहे. त्या आकड्यापासून त्या बाईपर्यंत कोण गेलं, तर आशाताई गेली, तीन वेळा. पहिल्या खेपेला सासरा बोलू देईना. दुसऱ्या खेपेला डबी दिली तर त्यात नुसती लाळ आली, कारण खोकला नसलेल्या माणसाला बेडका येणार कुठून. तिसऱ्या दिवशी आशाताई उजाडायच्या आधी गेली, तिला चूळ भरायला लावली, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायला लावला अन् मग पोटातून जोर लावून खोकायला लावलं, तेव्हा कुठं डबीच्या बुडाला चमचाभर बेडका आला. तो टीबीचे जंतू शोधणाऱ्या ट्रूनॅट मशीनवर लावला. हे मशीनही आपल्याच देशातलं, गोव्यात बनलेलं, तासाभरात सांगते. टीबीच निघाला.

पुढं सहा महिने रोज गोळ्या, पोटात मळमळ, लघवी लाल होते म्हणून घाबरणं, घरात ताट वेगळं केलं त्याचं दुःख, पोषणासाठीचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार झाले, ते खात्यात येण्यासाठी बँकेच्या खेटा. यातलं काहीही त्या सॉफ्टवेअरला माहीत नाही, अन् आशाताईच्या तीन खेपा कोणत्याच स्क्रीनवर दिसत नाहीत. माझं सगळं म्हणणं इथंच आहे. मशीननं माझ्या भावाचे ते अकरा दिवस मिनिटावर आणले, त्याबद्दल मी मनापासून हात जोडतो, गावागावात ते आलंच पाहिजे. पण आकडा आल्यापासून गोळी पोटात जाईपर्यंतचा रस्ता अजूनही पायीच आहे, अन् तो चालणारं माणूस कमी करून मशीन वाढवली तर आपल्याकडे नुसत्या याद्या वाढतील.

हे गडचिरोलीत आधीच सिद्ध झालेलं आहे, तेही एआयच्या किती आधी. डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, श्वास मोजणं, अन् औषध देणं. १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. साधन साधंच होतं, पण ते ज्या बाईच्या हातात होतं ती चार घरं सोडून राहत होती.

आता मशीन कुठं चुकते तेही सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर मी माझं काम अर्धं केलं असं होईल.

ज्याला आधी टीबी होऊन बरा झाला त्याच्या छातीत जुना वण राहते. मशीन त्यालाही लाल दाखवते बरेचदा. माझ्या भावाचा फोटो मी मुद्दाम टाकून पाहिला, आकडा ९० च्या वर, अन् बेडका पूर्ण निगेटिव्ह. म्हणून कॅम्पात आलात की आधी टीबी झाला होता का हे लपवू नका, लाज वाटू देऊ नका, तेवढ्या एका उत्तरानं तुमची अन् आमची दोघांची धावपळ वाचते. दुसरं, लहान पोरं आणतात लोकं, "याचाही काढून द्या भाऊ" म्हणतात. मी सांगितलं ना, ते १५ वर्षांवरच्यांसाठी मान्य झालेलं आहे, लेकराला सरळ डॉक्टरकडे न्या. अन् तिसरं, आकडा कमी आला म्हणजे तुम्ही ठणठणीत असं नाही, वजन उतरून राहिलं, संध्याकाळी ताप येऊन राहिला तर बेडका तपासाच, मशीन काहीही म्हणो.

शुगरवाल्यांच्या डोळ्याच्या पडद्याचीही अशीच तपासणी निघाली आहे. गुगलनं त्यावर काम केलं, त्यात मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलचाही हात होता, अन् कागदावर फार चांगलं जमलं. मग ते थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत नेऊन पाहिलं, २०२० मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. तिथं शंभरातले २१ फोटो मशीननं घेतलेच नाहीत, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता, फोटो अंधुक आले, अन् इंटरनेट इतकं हळू की पेशंट ताटकळत बसायचे. हे वाचून मला आपलेच उपकेंद्र दिसले, खिडकीला पडदा नाही, नेट झाडाखाली जाऊन पकडायचं. एआय आणायचं असेल तर आधी लाईन, नेट अन् एक अंधारी खोली मागा, ग्रामसभेत मागा.

फोनचं एक बोलायचंच आहे, पेरणी झाली की साप निघतातच म्हणून. आता तरुण पोरं सापाचा फोटो काढून फोनमधल्या एआयला विचारतात की हा विषारी आहे का. माझं हात जोडून सांगणं आहे, त्यात एक मिनिटही घालवू नका, अन् फोटोसाठी सापाच्या जवळ तर बिलकुल जाऊ नका. आपल्याकडे जे सापाचं इंजेक्शन मिळते ते नाग, मण्यार, घोणस अन् फुरसं या चारही जातींवर चालते, साप कोणता हे ओळखल्याशिवाय इंजेक्शन अडत नाही, डॉक्टर लक्षणं पाहून ठरवतात. हात-पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा मारू नका, १०८ ला फोन लावा, गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या गाडीनं निघा.

शेवटची गोष्ट आमच्यासारख्या दवाखान्यातल्या माणसांसाठी. २०२५ मध्ये पोलंडमधला एक अभ्यास आला. तिथं दुर्बिणीनं आतडं तपासणाऱ्या, चांगल्या अनुभवी डॉक्टरांना एआय दिलं होतं. नंतर एआयशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर आधी शंभरातल्या २८ जणांत गाठी सापडायच्या, त्या आता २२ जणांतच सापडत होत्या. मशीन सांगेलच या भरवशावर डोळा आळसावला असावा. म्हणून आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी एक सवय लावली आहे, लॅपटॉपवरचा आकडा झाकायचा, आधी फोटो स्वतः पाहायचा, काय वाटते ते मोठ्यानं बोलायचं, अन् मग आकडा उघडायचा. नवीन आलेले डॉक्टर पोरं-पोरीही तसंच करतात. कधी मशीन बरोबर निघते, कधी मॅडम, अन् दोघांचं जमलं नाही तर फोटो रेडिओलॉजिस्टकडे जाते, आता एसटीनं नाही, दोन मिनिटांत फोनवर.

यंदाच्या वेचणीत आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो, त्याच समाजमंदिरात. ती सून सकाळी पावणेसातलाच दारात उभी, गालावर मांस आलेलं, सोबत जाऊ अन् शेजारच्या दोघी. मी ओळखलं नाही आधी, तिनंच सांगितलं, "भाऊ, मीच ते ८७ वाली." तिचा फोटो काढला, आकडा बराच खाली आला होता, जुन्या डागाच्या जागी बारीकशी रेघ. ती म्हणे, मले दाखवा. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिनं रेघेवर बोट ठेवलं, थोडा वेळ पाहत राहिली, अन् मग जावेला म्हणाली, "चाल, तू उभी राह्य आता, हे भाऊ म्हणतील तेव्हाच श्वास रोख."