बालाजीची पेशी आणि फ्रॉइडचा कोच

(दृश्य: मेहंदीपूर, राजस्थान. देवळाबाहेरची रांग.)

दौसा जिल्ह्यातलं मेहंदीपूर बालाजीचं देऊळ. बालाजी म्हणजे इथे हनुमान. सोबत भुतांचा राजा मानलेले प्रेतराज सरकार आणि भैरव. बाधा झालेल्या माणसांना इथे आणतात आणि कारभार सगळा कोर्टकचेरीचा: आधी अर्ज, मग पेशी, म्हणजे देवापुढची सुनावणी. पेशी आली की अंग घुमू लागतं, केस सुटतात आणि अंगातलं भूत देवापुढे जबाब देतं. तू कोण, हिला का धरलंस, कधी सोडणार?

सुधीर कक्कर इथे आले ते मनोविश्लेषक म्हणून, म्हणजे रुग्णाला बोलतं करून त्याच्या मनात दडलेलं उकलणारे. फ्रँकफर्टला शिकलेले, दिल्लीत रुग्ण पाहणारे. इथल्या रुग्णांविषयी त्यांनी १९८२च्या पुस्तकात लिहिलं. भूत खरं की खोटं, यात ते अडकले नाहीत. ते काय बोलतंय, हे त्यांनी ऐकलं.

घरात मान खाली घालून वावरणारी सून पेशीत किंचाळते, शिव्या घालते, हवं ते मागते. राग तिचाच. पण बोलतं भूत, म्हणून बोल तिच्यावर येत नाही. घरची माणसं शेजारीच बसलेली असतात. कधी रुग्णाऐवजी नातेवाइकालाच पेशी येते. दुखणं एकट्याचं नाही, हे इथे धरूनच चालतात.

(दृश्य: व्हिएन्ना, बेर्गगासे १९.)

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्याच्या खोलीत रुग्ण कोचावर आडवा, डॉक्टर त्याच्या डोक्यामागे, नजरेआड. घरचं कुणी नाही. मनात येईल ते बोलायचं, महिनोन्‌महिने. रागाला इथेही वाट मिळते; मात्र तो बाहेरून आला, असं म्हणायची सोय नाही. हा राग माझा, बापावरचा, लहानपणापासूनचा, इथवर स्वतःच्या तोंडाने यावं लागतं.

मला विचाराल तर स्वतःला ओळखणं ते हेच, आणि पेशीत ते घडत नाही. पेशीने सुटका होते, घरात पुन्हा जागा मिळते. पण कोचावरून उठलेला माणूस त्याच घरी परततो आणि घरच्यांनी त्यातलं अक्षरही ऐकलेलं नसतं. ही उणीव मला फार मोठी वाटते.

ती भरून काढायचा एक प्रयत्न आपल्याच देशात झाला. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे त्यांच्यासोबत राहायला बोलावलं.