कॉर्नियाचा व्रण: आधी बघा, मग खरवडा

डोळा लाल, पाणी गळतंय, उजेड सहन होत नाही आणि काळ्या बुबुळावर पांढरा डाग. असा रुग्ण समोर बसला की आपला हात थेट थेंबांच्या बाटलीकडे जातो. मला बोलायचंय ते त्याआधीच्या पाच मिनिटांबद्दल.

डोळा सुन्न करणारा थेंब घालण्यापूर्वी कापसाच्या बोळ्यातून बारीक धागा काढा, बाजूने आणून कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, हलकेच टेकवा आणि पापणी मिटते का बघा. दोन्ही डोळ्यांत बघा, म्हणजे फरक कळतो. व्रणाच्या डोळ्यात संवेदना कमी असेल, तर हर्पीस या विषाणूची शंका घ्या. सुन्न करणारा थेंब एकदा पडला की ही खूण हातची गेली. मग फ्लुरोसिन हा रंग लावून निळ्या उजेडात बघा. फांद्या फुटलेली हिरवी रेघ आणि फांद्यांच्या टोकांना गाठी दिसल्या, तर तो हर्पीस सिम्प्लेक्स. नागिणीतही फांद्या दिसतात, पण त्या टोकाला निमुळत्या होतात.

जीवाणूंचा व्रण घाईचा असतो. पू, सूज, वेदना, सगळं झपाट्याने वाढतं. स्यूडोमोनास हा जीवाणू असेल तर कॉर्निया एक-दोन दिवसांत वितळू शकतो, आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्यांत तो विशेष आढळतो.

खरी फसगत बुरशीत होते. शेतातली काडी, पातं, धूळ डोळ्यात गेली होती का, हे विचाराच. व्रण कोरडा, किंचित उंचावलेला, कडा दातेरी, आजूबाजूला सुटे छोटे ठिपके. डोळा जितका वाईट दिसतो, तितकी रुग्णाची तक्रार बरेचदा नसते. दातेरी कडा, उंचावलेला मृत थर आणि पिवळ्याखेरीज वेगळा रंग, या तीन खुणांवर २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक खूण असेल तर बुरशीची शक्यता ६३ टक्के आणि तिन्ही असतील तर ८३ टक्के निघाली. म्हणजे तिन्ही खुणा जुळल्या तरी आपण चुकू शकतो. २०१२ च्या आणखी एका अभ्यासात कॉर्नियाच्या तज्ज्ञांना व्रणांचे फोटो दाखवले, तर जीवाणू की बुरशी हे त्यांना ६६ टक्के वेळाच बरोबर ओळखता आलं. म्हणून माझा आग्रह आहे की नजरेने संशय धरा, निदान मात्र व्रण खरवडून घेतलेल्या नमुन्यावर करा.

याच्या उलट अकँथअमीबा, म्हणजे पाण्यात राहणारा एकपेशीय जीव. डोळ्यात फारसं दिसत नाही आणि रुग्ण वेदनेने तळमळतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुतली होती का, ती घालून पोहला होता का, हे विचारा. कॉर्नियातल्या नसांच्या कडेने पांढुरक्या रेघा दिसल्या तर संशय बळावतो. गोल कडं उमटतं ते बहुधा उशिरा. सुरुवातीला हा हर्पीससारखाच दिसतो, म्हणून महिनाभर विषाणूवरचं औषध चालू असूनही फरक नसेल, तर याची आठवण ठेवा.

खरवडताना वरचा चिकट पू आधी बाजूला करा आणि नमुना व्रणाच्या कडेतून नि तळातून घ्या. एक काच ग्रॅम स्टेनसाठी (जीवाणू रंगवून बघण्यासाठी), दुसरी १० टक्के केओएचसाठी (पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी). बुरशीचे तंतू काही मिनिटांत दिसू शकतात, अमीबाच्या दुहेरी भिंतीच्या गाठीही. हे होईपर्यंत स्टेरॉइडचा थेंब घालू नका. त्याने लाली उतरते, रुग्णाला बरं वाटतं आणि आत बुरशी किंवा हर्पीस मोकाट पसरतो.

पहिल्या खरवडीत काहीच मिळालं नाही आणि व्रण वाढतोय, तर पुन्हा खरवडा. तरीही हाती काही आलं नाही, तर कॉर्नियाचा छोटा तुकडा बायोप्सीला पाठवा, कारण खोल थरात उतरलेली बुरशी वरवरच्या खरवडीत बरेचदा येत नाही.