आईविना उबवलेलं पिल्लू

(दृश्य: हॅचरीतला ट्रे. कवचाला तडा जातो.)

एकविसावा दिवस. पिल्लू आतून टोच मारतं, थांबतं, पुन्हा मारतं. शेवटी ओलंचिंब, दमलेलं बाहेर येतं आणि ट्रेच्या जाळीवर आडवं होतं. आजूबाजूला अशीच शेकडो पिल्लं. कोंबडी मात्र एकही नाही.

(दृश्य: खेड्यातलं अंगण. कोंबडी आणि मागून पिल्लं.)

खुडूक कोंबडीखाली उबलेलं पिल्लू आईमागे उकिरड्यावर फिरतं. ती उकरेल ते टोचतं, तिची विष्ठासुद्धा. आपण नाक मुरडतो, पण त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंचं बिऱ्हाड इथूनच येतं. हॅचरीत अंड्यांना धुरी दिलेली, ट्रे धुतलेले. तिथल्या पिल्लाचं आतडं म्हणजे जवळपास रिकामं घर. जो आधी शिरेल, तो बस्तान बसवणार.

१९७१ साली फिनलंडच्या ब्रॉयलर फार्मांवर साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू शिरला. नुर्मी आणि रंटाला या संशोधकांच्या लक्षात आलं, की मोठ्या कोंबड्यांना जे जंतू बाधत नाहीत, तेच अगदी थोडे गेले तरी पिल्लांच्या पोटात ठाण मांडतात. मग त्यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला मळ पातळ करून पिल्लांना पाजला. बहुतेक पिल्लांनी साल्मोनेलाला जागाच दिली नाही. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं. आईचं उष्टंच म्हणायचं, फक्त प्रयोगशाळेतून आलेलं!

(दृश्य: पिल्लाचं गुदद्वार, अगदी जवळून.)

आता इथे नीट बघा. हे सारखं मिटतं, उघडतं. जरा वेळाने लक्षात येतं, की ते आत ओढून घेतंय. तिथे शाईचा थेंब सोडला, तर शाई आतल्या एका पिशवीत पोचते. बर्सा तिचं नाव. काही आठवड्यांच्या पिल्लात ती साधारण करवंदाएवढी. आत घड्याच घड्या. प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवणाऱ्या पेशी इथे तयार होतात. काम अंड्यातच सुरू झालेलं असतं. बाहेर आल्यावर आतड्यातले जिवाणू आणि त्यांचे तुकडे या घड्यांपर्यंत येतात, आणि पेशींची पुढची तालीम त्यांच्यावर होते. आतड्याच्या अस्तरातही अशा पेशींचे पुंजके असतात. जंतूविरहित वाढवलेल्या कोंबड्यांमध्ये ते खुरटेच राहतात.

पाडुआच्या फॅब्रिसियसने या पिशवीचं केलेलं वर्णन १६२१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. तिचा उपयोग कळायला मात्र १९५६ उजाडलं, तोही अपघाताने. अमेरिकेत ब्रूस ग्लिकने पिशवी काढलेल्या काही कोंबड्या सहकाऱ्याने वर्गातल्या प्रतिपिंडांच्या प्रात्यक्षिकासाठी नेल्या, तर त्यांच्यात प्रतिपिंडंच तयार होईनात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या या पेशींना बी-पेशी म्हणतात, त्यातला ‘बी’ या बर्साचा.

(दृश्य: महाराष्ट्रातलं पोल्ट्री शेड. भाताच्या तुसाची गादी.)

आपल्या पोल्ट्रीवाल्यांना बर्सा हे नाव ठाऊक नसेल, पण गंबोरो रोग म्हटलं की चेहरा उतरतो. त्याचा विषाणू नेमका याच पिशवीवर बसतो. ती आधी सुजते, मग आक्रसते. वाचलेल्या पिल्लाला पुढे दुसऱ्या रोगाची लस दिली, तरी ती नीट लागू होत नाही.

म्हणून चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोच्या लसीची ही धावपळ. पिल्लांना तास-दोन तास तहानलेलं ठेवलंय. पाण्यात दुधाची पावडर कालवली, कारण पाण्यातल्या क्लोरीनने लस मरते आणि पावडर त्याला निकामी करते. आता लसीची कुपी पाण्यातच उघडली जातेय. भांडी खाली ठेवायचा अवकाश, पिल्लं तुटून पडतात. चोच बुडवायची, मान वर करायची, गिळायचं.