चिमटा आधी कागदावर उभा राहिला

हे पान बघा. मासिकातून कापलेलं चित्र चिकटवलंय, शेजारी पेनाने भराभर काढलेलं स्केच. शिल्पकार क्लेस ओल्डनबर्गच्या वह्या अशाच. जन्म १९२९ चा, स्टॉकहोमचा, वाढला शिकागोत, सुरुवातीला तिथेच रिपोर्टर होता, आणि टिपणं काढायची सवय शेवटपर्यंत टिकली.

१९६१ च्या डिसेंबरात त्याने न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला चक्क दुकान थाटलं. केक, शर्ट, बूट, सगळं विकायला, पण खरं नव्हे, त्याने बनवलेली शिल्पं! तारेच्या जाळीवर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड आणि वर चकचकीत एनॅमल रंग. ओघळ पुसलेले नाहीत, क्लोज-अपमध्ये दिसतायत बघा.

आता हे शिलाई मशीन. १९६२ मध्ये जमिनीवर ठेवायचा अवाढव्य बर्गर, आइस्क्रीमचा कोन, केकचा तुकडा तयार झाला, कॅनव्हास शिवून आत फोम आणि पुठ्ठ्याची खोकी भरून, आणि ही शिलाई त्याची तेव्हाची बायको पॅटी हिची, तिचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगताच येणार नाही. पुढे टाइपरायटर, कमोड असल्या एरवी कडक वस्तूही अशाच मऊ बनवल्या. आधी पुठ्ठ्याचं मॉडेल, त्यावरून बेतून तुकडे कापायचे, एकदा साध्या कॅनव्हासमध्ये शिवून बघायचं, मगच व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं लवचिक कापड. आत कापोक भरायचा, तो सावरीच्या कापसासारखा हलका. टांगलं की वस्तू स्वतःच्या वजनाने लोंबते, चुरगळते, तिचा आकार अर्धा तिथेच ठरतो.

आणि हा कपड्यांचा चिमटा. १९६७ च्या चित्रात तो शिकागोची गगनचुंबी इमारत म्हणून उभा आहे, नुसती कल्पना, कोणी बांधायला सांगितलेलं नव्हतं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात सिटी हॉलसमोर ४५ फुटी पोलादी चिमटा खरोखर उभा राहिला. स्प्रिंगकडे नीट बघा, ७६ आकडा दिसतो, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला तेव्हा २०० वर्षं झाली होती. आणि दोन पाय म्हणजे मिठी मारलेलं जोडपं, शिल्पकार ब्रांकुसीच्या 'द किस' शिल्पासारखं, ते शिल्पही याच शहराच्या म्युझियममध्ये आहे.

१९८८ चा मिनिआपोलिसचा हा अवाढव्य चमचा, त्यावरची चेरी सुचली दुसरी बायको कोशा व्हान ब्रुखेन हिला, देठातून पाणी उडतं. अशी शिल्पं मग अनेक शहरांत गेली. २०२२ मध्ये ओल्डनबर्ग वारला. वह्या आता लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेकडे आहेत, आणि शिल्पं बघितलेल्या प्रत्येकाने ही पानंही बघायलाच हवीत.