बोंडू टोपलीत पडला का?

नमस्कार श्रोतेहो. आज एका खेळाबद्दल बोलू या, मुलांनी स्वतः संगणकावर लिहायच्या खेळाबद्दल. यात चित्रं नाहीत, आवाज नाही, पडद्यावर फक्त शब्द. पहिला खेळ शब्दांचाच असावा असं माझं ठाम मत आहे. चित्रं रंगवण्यात सुट्टी सरते आणि हिशेब राहून जातो.

काजूच्या बागेत तुम्ही उभे आहात आणि समोर टोपली आहे. ती किती मीटरवर आहे ते संगणक सांगतो. तुम्ही वेग आणि कोन टाइप करून बोंडू, म्हणजे काजूचं फळ, फेकायचा. मग पडद्यावर उमटतं, 'अलीकडे पडला', 'पलीकडे गेला', नाहीतर 'टोपलीत!' खेळ पायथन या संगणकाच्या भाषेत लिहायचा. हे संदेश मराठीतच लिहा, पायथनला देवनागरी छान चालते.  

बोंडू किती मीटरवर पडेल, याचं सूत्र एकच आहे. वेगाचा वर्ग गुणिले कोनाच्या दुपटीचा साइन, भागिले 9.8. पुन्हा सांगतो, वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाचा साइन, भागिले 9.8. साइन म्हणजे कोनावरून ठरणारी एक संख्या, ती संगणकच काढून देतो; 9.8 हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा. हात आणि टोपली एकाच उंचीवर धरायची, हवेचा अडथळा सोडून द्यायचा. वेग सेकंदाला 10 मीटर असेल, तर 45 अंशांत बोंडू 10.2 मीटर जातो. त्या वेगाने याहून लांब तो कुठल्याच कोनात जात नाही.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. गोव्यात डिचोलीला बहिणीकडे गेलो होतो. हा दहावीतला मुलगा, खेळ लिहून तयार. मला म्हणाला, "मामा, फेका." मी वेग 10 आणि कोन 45 टाकले. उत्तर आलं 9.1 मीटर. ऐकायला बरोबर वाटतं ना? त्यालाही तसंच वाटलं होतं. मग मी त्याच वेगाला कोन 30 टाकला, आणि पडद्यावर आलं, 'उणे 3.1 मीटर'. म्हणजे बोंडू फेकणाऱ्याच्या पाठीमागे पडला! भाचा सूत्र पुन्हा पुन्हा तपासत होता. सूत्रात चूक नव्हतीच.

त्याची आजी शेजारी बिया वाळत घालत होती. ती म्हणाली, "अरे बाबू, सरळ वर फेकलेला कुठे पडतो ते विचार ना त्याला."

सरळ वर म्हणजे 90 अंश. सरळ वर गेलेला बोंडू आपल्याच डोक्यावर पडणार, अंतर शून्य. संगणकाचं उत्तर आलं उणे 8.2! आजी हसली नाही. ती म्हणाली, "मग त्याला तुझे आकडे कळलेच नाहीत."

आणि नेमकं तेच झालं होतं. पायथनचा साइन कोन अंशांत मोजत नाही, रेडियन या दुसऱ्या मापात मोजतो. मुलाने 90 अंश दिले, संगणकाने ते 90 रेडियन धरले. अंशांना पायने, म्हणजे गणितातल्या सुमारे 3.14 या संख्येने, गुणायचं आणि 180 ने भागायचं, की झाले रेडियन. विसरू नका, गुणिले पाय, भागिले 180. एवढं एक वाक्य घातल्यावर 45 ला 10.2 आले आणि 30 ला 8.8. 90 ला शून्याच्या इतका जवळचा आकडा आला, की राउंड केल्यावर शून्यच. 45 चं उत्तर आधी जवळपास बरोबर येत होतं, म्हणून चूक लपली होती. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तोच प्रश्न पहिल्यांदा विचारायचा, हे आजीने शिकवलं. मला तर वाटतं, प्रत्येक संगणक वर्गात अशी एक आजी बसवावी.

बाकी काम थोडंच आहे. टोपलीचं अंतर रँडमने, म्हणजे संगणकालाच कुठलाही आकडा निवडायला सांगून, 3 ते 10 मीटरच्या मध्ये ठेवा. अर्ध्या मीटरच्या आत पडला तर टोपलीत धरा, नाहीतर पुन्हा कोन विचारा.

भाच्याला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. 30 टाका की 60 टाका, बोंडू पडतो त्याच जागी! एक सपाट जातो, एक उंच. बेरीज 90 होणाऱ्या कोणत्याही दोन कोनांचं असंच. आज संध्याकाळी मुलांना विचारा, टोपली 7 मीटरवर आहे, वेग तोच 10, तर कोन कोणता? साधारण 22 म्हटलं तरी बरोबर, 68 म्हटलं तरी बरोबर. नमस्कार.