खिडकीतली सोन्याची नाणी

साल १९०६. नेवाडाच्या वाळवंटात गोल्डफील्ड नावाचं खाणीचं गाव. बँकेच्या खिडकीपुढे माणसांची रीघ लागली आहे. काचेमागे वीस-वीस डॉलरची सोन्याची नाणी रचली आहेत, सगळी मिळून ३०,००० डॉलरची. लढत अजून व्हायची आहे. मुष्टियोद्धे जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन ज्यासाठी रिंगणात उतरणार, ते सोनं लोक आधीच डोळे भरून पाहताहेत.

ही शक्कल लढतीचा आयोजक टेक्स रिकार्डची. मुष्टियुद्धाची ही त्यानं भरवलेली पहिलीच मोठी लढत.

रिकार्डचा जन्म १८७०चा, मिसूरीतला. टेक्सासमध्ये गुरं हाकत वाढला, ऐन तरुणपणी हेन्रिएटा गावाचा मार्शल, म्हणजे पोलीस प्रमुख, झाला. १८९५ मध्ये बायको आणि तान्हं मूल दोघंही गेली. तो अलास्काला निघून गेला. सोनं शोधणाऱ्यांच्या वस्तीत त्यानं दारूचे गुत्ते चालवले, जुगाराचे अड्डे चालवले. माणूस खिशात हात कधी घालतो, हे तो तिथेच शिकला असावा.

गोल्डफील्डची लढत तब्बल ४२ फेऱ्या चालली. नेल्सननं कमरेखाली ठोसा मारला आणि गान्स विजयी ठरला. तरीही कृष्णवर्णीय जगज्जेत्या गान्सच्या वाट्याला नेल्सनपेक्षा कमी पैसे आले.

१९१० मध्ये नेवाडातल्याच रीनोला कृष्णवर्णीय जगज्जेत्या जॅक जॉन्सननं गोऱ्या जिम जेफ्रीजला हरवलं, तेव्हा पंच होता स्वतः रिकार्ड. त्या निकालानंतर अमेरिकेत दंगली उसळल्या, कृष्णवर्णीयांचे जीव गेले. पुढे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा हॅरी विल्स जगज्जेत्या जॅक डेम्प्सीशी लढायची वाट वर्षानुवर्षं पाहत राहिला. रिकार्डनं ती लढत कधीच घडवली नाही. त्याचं मोठेपण सांगताना हे गाळणं मला पटत नाही.

कारण मोठेपण होतंच. १९२१ मध्ये जर्सी सिटीत त्यानं एका लढतीसाठी लाकडी स्टेडियम उभारलं. डेम्प्सी विरुद्ध फ्रान्सचा कार्पेंतिए. तिकीटविक्रीनं पहिल्यांदाच दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला. प्रेक्षकांत स्त्रियाही होत्या. गुत्त्यातला खेळ आता सगळ्यांचा झाला होता.

१९२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यानं नवं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह उभारलं, अवघ्या २४९ दिवसांत. पुढच्याच वर्षी तिथे त्याचा आइस हॉकीचा संघ आला. वृत्तपत्रांनी त्याला ‘टेक्सचे रेंजर्स’ म्हटलं, आणि न्यूयॉर्क रेंजर्स हे नाव आजही टिकून आहे.

जानेवारी १९२९. पुढच्या लढतीच्या तयारीसाठी रिकार्ड मायामी बीचला गेला होता. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि तो त्यातून उठला नाही. त्याची शवपेटी त्याच्याच गार्डनमध्ये ठेवली होती. हजारो लोक दर्शनाला आले.

मायामीची ती लढत फेब्रुवारीत झाली. आयोजनाची धुरा डेम्प्सीनं खांद्यावर घेतली होती.