गॅमा किरणांचा माग आणि मोजदाद

नमस्कार. दृश्य प्रकाश गोळा करायला आपल्याकडे भिंगं आहेत, आरसे आहेत. क्ष-किरणांनाही अगदी तिरप्या कोनात बसवलेल्या आरशांवरून वळवता येतं. गॅमा किरणांपाशी मात्र ही सोय संपते. त्यांची तरंगलांबी अणूच्या आकाराहूनही कितीतरी लहान असते, त्यामुळे ते आरशावरून परतत नाहीत, थेट आत शिरतात. मग मोजायचं काय? गॅमा किरण पदार्थात शिरला की कुठेतरी त्याची गाठ इलेक्ट्रॉनशी किंवा अणुकेंद्राच्या विद्युतक्षेत्राशी पडते आणि त्याची ऊर्जा विद्युतभारित कणांकडे जाते. आपल्या हाती लागतात ते हे कण. गॅमा किरण नेमका कसा संपतो, यावरच त्याला पकडायचं उपकरण ठरतं, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

संपण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ऊर्जा कमी असेल तर अणूतला एखादा इलेक्ट्रॉन ती सगळी एका दमात गिळतो. मधल्या ऊर्जेला गॅमा किरण इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा देतो आणि उरलेली घेऊन दुसऱ्या दिशेला निघून जातो. हे कॉम्प्टन विकिरण. आणि ऊर्जा १०२२ केईव्हीच्या, म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, वर असेल तर अणुकेंद्राजवळ तो नाहीसा होऊन त्याच्या जागी इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन अशी जोडी जन्माला येऊ शकते.

प्रयोगशाळेत हे फार छान दिसतं. सीझियम-१३७ चा एक क्षीण स्रोत घ्या आणि त्याच्यासमोर सोडियम आयोडाइडचा स्फटिक ठेवा. या स्फटिकात चिमूटभर थॅलियम मिसळलेलं असतं. १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी हा शोधक, म्हणजे डिटेक्टर, पुढे आणला आणि तो आजही वापरात आहे. गॅमा किरण आत थांबला की स्फटिकात निळसर प्रकाशाची बारीक लकाकी उठते. फोटोमल्टिप्लायर नळी तिचं विद्युतस्पंदात रूपांतर करते आणि स्पंदाची उंची म्हणजे स्फटिकात सोडलेली ऊर्जा. सीझियमचा गॅमा किरण ६६२ केईव्हीचा. म्हणजे पडद्यावर ६६२ ला एकच रेघ दिसायला हवी, नाही का? दिसतो तो रुंद डोंगर, आणि त्याच्या डावीकडे लांबलचक पठार. पठार ४७७ केईव्हीच्या आसपास एकदम खाली कोसळतं. धडकेनंतर गॅमा किरण उलट पावली परतला, तर इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त तेवढीच ऊर्जा मिळते. उरलेले १८४ केईव्ही घेऊन तो स्फटिकाबाहेर निसटलेला असतो. त्या पठारावरची प्रत्येक नोंद म्हणजे अर्धवट हिशोब लागलेला एक गॅमा किरण. पठार कोसळतं ती कडा विद्यार्थ्यांनी स्वतः कागदावर सोडवून मग पडद्यावर ताडून पाहावी, असा माझा आग्रह असतो.

डोंगर रुंद का? ६६२ केईव्हीतून स्फटिकात साधारण २५,००० प्रकाशकण निघतात, त्यातले थोडेच इलेक्ट्रॉन होऊन मोजणीत येतात, आणि हा आकडा दर वेळी थोडा कमी-जास्त होतो. शिवाय स्फटिकाचा प्रतिसाद ऊर्जेच्या अगदी प्रमाणात नसतो. त्यामुळे शिखराची रुंदी सात टक्क्यांच्या घरात जाते. जर्मेनियमच्या शोधकात मात्र जेमतेम ३ इलेक्ट्रॉनव्होल्टमागे एक विद्युतभारांची जोडी सुटते, म्हणजे त्याच गॅमा किरणामागे दोन लाखांवर. शिखर दीड केईव्हीच्या आसपास इतकं अरुंद होतं. त्याची किंमत म्हणजे शोधक सतत थंड ठेवावा लागतो, बहुतेकदा द्रव नायट्रोजनने.

आता आकाशाकडे वळू. वातावरण गॅमा किरणांना खाली येऊ देत नाही, ही जीवसृष्टीची सोय आणि खगोलशास्त्रज्ञांची अडचण. १९६१ मध्ये एक्सप्लोरर-११ हा उपग्रह त्यासाठीच वर गेला. त्याने खात्रीने नोंदवलेले गॅमा किरण किती? २२. अवकाशात विद्युतभारित वैश्विक कणांचा मारा इतका असतो की कळीचं काम पकडण्याचं नसून वगळण्याचं ठरतं. म्हणून शोधकाभोवती प्लॅस्टिकचं कवच असतं. कवच चमकलं तर तो भारित कण, नोंद रद्द. २००८ पासून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीतही हेच तत्त्व आहे. आत टंगस्टनच्या पातळ पत्र्यांत जोडी जन्मते, सिलिकॉनच्या पट्ट्या दोन्ही कणांची वाट टिपतात आणि तळाशी सीझियम आयोडाइड ऊर्जा मोजतं. दिशा मिळते ती त्या वाटेवरून.

त्याहूनही वरच्या ऊर्जेला उपग्रह अपुरा पडतो. क्रॅब तेजोमेघाकडून १ टीईव्हीच्या, म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, वरचे गॅमा किरण एका चौरस मीटरवर वर्षाला सहा-सातच येतात. तेव्हा वातावरणालाच शोधक बनवायचं. तिथे गॅमा किरणापासून कणांचा वर्षाव सुरू होतो. हे कण हवेतल्या प्रकाशाहून वेगाने धावतात आणि लाटांपेक्षा वेगवान होडीमागे पाण्यावर उठतो तसा चेरेनकोव्ह प्रकाशाचा शंकू मागे सोडतात. हा निळसर झगझगाट काही नॅनोसेकंद टिकतो, पण जमिनीवर शंभराहून जास्त मीटर त्रिज्येत पसरतो. त्या वर्तुळात कुठेही आरसा असला तरी नोंद मिळते. अडचण अशी की प्रोटॉनही असेच वर्षाव घडवतात आणि त्यांची संख्या कितीतरी पटींनी जास्त असते. १९८५ मध्ये मायकेल हिलस यांनी दाखवलं की गॅमा किरणाची प्रतिमा सडपातळ लंबवर्तुळाकार असते आणि तिचा अक्ष स्रोताकडे रोखलेला असतो, तर प्रोटॉनची प्रतिमा पसरट आणि विस्कटलेली असते. याच निकषावर अॅरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीने १९८९ मध्ये क्रॅबचे गॅमा किरण निर्विवादपणे पकडले. नामिबियातली हेस, ला पाल्मावरची मॅजिक, लडाखमधल्या हानलेची मेस, या साऱ्या दुर्बिणी याच वाटेने जातात.

राहिला मधला टापू, साधारण १ ते १० एमईव्हीचा (१ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही), आणि मला सगळ्यात जास्त आस्था त्याचीच. अणुकेंद्रांच्या खुणा इथेच उमटतात. ॲल्युमिनियम-२६ ची १८०९ केईव्हीची रेषा आकाशगंगेत आजही मूलद्रव्यं घडत असल्याचं सांगते. अतिनवताऱ्यातल्या, म्हणजे स्फोट पावलेल्या ताऱ्यातल्या, कोबाल्ट-५६ च्या रेषा १९८७ ए या अतिनवताऱ्यातून प्रत्यक्ष मिळाल्या. पण याच टापूत कॉम्प्टन विकिरणाचं वर्चस्व असतं. म्हणजे गॅमा किरण तुकड्यातुकड्याने संपतो, आणि स्रोताची दिशा काढायची तर प्रत्येक धडकेची जागा आणि ऊर्जा वेगवेगळी नोंदवावी लागते. तसं करूनही एका घटनेतून दिशा एकच मिळत नाही, आकाशावर एक वर्तुळ मिळतं. अशी अनेक वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात तिथे स्रोत. म्हणूनच इथली संवेदनक्षमता दोन्ही बाजूंच्या टापूंच्या तुलनेत फार मागे राहिली आहे. नासाची कोसी ही मोहीम ०.२ ते ५ एमईव्हीसाठी आखलेली आहे आणि तिच्यात थंड ठेवलेले जर्मेनियमचे शोधक आहेत: प्रयोगशाळेतल्या मेजावरचेच, पण धडक कुठे झाली हेही सांगू शकणारे.